बोटीवर आत्ता साधा अँटेना बसवायचा की लेझर-अणूवाला येईस्तोवर थांबायचं?

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढल्या की मिरकरवाडा काय, हर्णै काय, कोकणातल्या सगळ्या बंदरांत वायरलेसची कामं निघतात, आणि हल्ली त्या लेझरवाल्या अँटेनाचे व्हिडिओ फिरतायत म्हणून हा प्रश्न येतोय. माझं सरळ मत, बोटीसाठी अजिबात थांबू नका. लॅबसाठी विचारत असाल तर गोष्ट वेगळी.

नव्या प्रकारात काचेच्या बारक्या डबीत रुबिडियम नाहीतर सीझियमची वाफ असते, तिच्यातून दोन लेझर सोडतात, रुबिडियमला साधारण 780 आणि 480 नॅनोमीटरचे, मग अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून खूप लांब जातो (रिडबर्ग अवस्था म्हणतात) आणि असा अणू विद्युत क्षेत्राला प्रचंड हळवा होतो. रेडिओ लहर आली की डबीतून आरपार येणारा लेझरचा उजेड बदलतो, तो मोजला की सिग्नल मिळाला. खरंच सुंदर काम आहे हे!

साध्या अँटेनाची लांबी तरंगलांबीवर ठरते. चॅनल 16, म्हणजे समुद्रात मदत मागायचा वायरलेस चॅनल, 156.8 मेगाहर्ट्झचा, तरंग 1.9 मीटरचा, म्हणून पाव तरंगाची काठी 48 सेंटीमीटरच्या आसपास. अणूंच्या डबीला हे बंधन नाही, ती एक-दोन सेंटीमीटरची असली तरी चालते, आणि अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी तर 2021 मध्ये एकाच सेन्सरने 0 ते 20 गिगाहर्ट्झ ऐकून दाखवलं.

पण ती डबी फक्त ऐकते, बोलत नाही. तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) खोल समुद्रातून मदत मागायची तर धातूचा अँटेना लागणारच, मग दोन कशाला? शिवाय चांगला अँटेना आणि चांगला रिसीव्हर आजही बहुतेक वेळा जास्त बारीक सिग्नल पकडतो, आणि लेझरची फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणं लॅबच्या टेबलावरच अवघड, इंजिनाच्या थरथरीत काय होईल बघा. रेंज म्हणाल तर ती उंचीवर आहे, दोन्ही बोटींचे अँटेना 9 मीटरवर असतील तर जेमतेम 25 किलोमीटर, अणू लावले म्हणून पृथ्वीचा गोलवा जात नाही.

आपल्याकडे खरा शत्रू खारी हवा. कनेक्टर हिरवे पडतात, केबलीत पाणी शिरतं आणि लोक सेटला दोष देतात. तेव्हा पैसे घाला कलई केलेल्या तांब्याच्या मरीन केबलीत, सांध्यावर रबरी टेप घट्ट गुंडाळा, अँटेना डोलकाठीवर जमेल तेवढा उंच न्या, आणि बंदी उठायच्या आधी तपासून घ्या.

आता लॅब. क्षेत्राची ताकद मोजायची असेल तर अणू भारी, कारण मोजमाप थेट अणूच्या गुणधर्मांवरून निघतं, वेगळा कॅलिब्रेट केलेला अँटेना लागत नाही, अमेरिकेतली निस्ट संस्था यावर बरीच वर्षं काम करतेय म्हणून तर. रत्नागिरीकडच्या फिजिक्सच्या पोरांनी आधी रुबिडियमची डबी आणि 780 चा डायोड लेझर एवढंच घ्यावं, शोषणाच्या रेषा (वाफ ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला लेझरचा उजेड शोषते त्या खुणा) नीट दिसू देत, निळा 480 चा लेझर महाग पडतो, तो नंतर.