आधी वॅट बघा, मग स्टिकर

आठ महिने वापरून लिहितोय. बेताच्या बजेटमध्ये गेमिंग लॅपटॉप शोधताना मी नुसतं ‘आरटीएक्स ४०५०’ हे ग्राफिक्स चिपचं नाव बघत होतो, फसता फसता वाचलो. हीच चिप कुठे ३५ वॅटवर चालते, कुठे ११५ वर. नाव तेच, दम वेगळा! माझी ९५ वॅटवाली. व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी, ६ जीबीच, त्यामुळे नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंवरचं बारीक चित्रण) ‘मीडियम’वर ठेवतो, १०८०पीला, म्हणजे फुल एचडीला, तेवढ्यात भागतं. चीड आली ती रॅमची: ८ जीबीची एकच पट्टी दिलेली. जोडीला दुसरी बसवली तेव्हा कुठे मधूनमधून बसणारे झटके थांबले. पंखे मात्र मिक्सरसारखे किंचाळतात, हेडफोन लावूनच खेळतो. आणि बॅटरी? चार्जर काढला की खेळ खल्लास.