मेटल डिटेक्टर, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण तो वायसर!

गेल्या रविवारी माझ्या मेटल डिटेक्टरचा बोल्ट गवतात पडला. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, आणि खालची दांडी जोडणारा, अंगठ्याएवढा, काळा. हातात मेटल डिटेक्टर, हरवलेली वस्तू चार पावलांच्या आत, आणि मी गुडघ्यांवर बसून बोटांनी गवत विंचरतेय. बाबा झाडाखालून ओरडले, "अगं, यंत्र फिरव की!"

"बाबा, प्लॅस्टिकचा आहे तो."

"मग काय उपयोग त्या यंत्राचा?"

आठ महिन्यांत माझ्या या छंदावर झालेली ही सगळ्यात नेमकी टीका. बोल्ट काही सापडला नाही, पण लिहायचं मात्र त्याच दिवशी ठरवलं.

किती किलोहर्ट्झ, किती मोड, कॉइल किती इंची, हे खोक्यावर छापलेलं असतं आणि घ्यायचा विचार करणाऱ्यांना ते पाठ असतं. माझं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, अकरा इंची डीडी (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेल्या) कॉइलवालं, नवशिक्यांसाठीच्या रांगेतलं खालून दुसरं. सर्वात स्वस्त घ्यायला लाज वाटली आणि तिसरं परवडलं नाही, एवढंच त्यामागचं संशोधन. तीन आठवड्यांनी मी एक अभिप्राय लिहिला होता: "खोटे इशारे फार देतं, पैसे वाया." तो मी आज अर्धा मागे घेतेय. अर्धाच.

आधी वायसरचं. कॉइलला वर दोन कान असतात, त्यांच्या मध्ये दांडीचं टोक बसतं आणि आडवा बोल्ट जातो. कान आणि दांडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक रबरी वायसर, मध्ये भोक असलेली चकती. कॉइल ज्या कोनात ठेवाल त्या कोनात राहते ती निव्वळ या दोन वायसरांच्या पकडीवर. तिसऱ्या महिन्यात माझ्या कॉइलनं मान टाकायला सुरुवात केली. दांडी उचलली की पुढचं टोक खाली लोंबायचं. गवतात फिरवताना कॉइल जमिनीला समांतर हवी. ती नाक घासत चालली की अर्धी जमीन नीट तपासलीच जात नाही. बोल्ट आवळला. आणखी आवळला. एका कानाला केसाएवढी चीर गेली तेव्हा थांबले. वायसर काढून बघितले तर बारीक मातीनं घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. "मॅडम, वायसर सुटा मिळत नाही. खालची दांडी बदलावी लागेल, त्यात येतो." दांडीला काय झालंय? "काही नाही, पण वायसर त्यातच येतो." दांडीची किंमत यंत्राच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी. हा संवाद मी वेगवेगळ्या लोकांशी चार वेळा केला आणि दर वेळी पहिल्यापासून केला. चौथ्यानं सुचवलं, तोवर बोल्ट जरा आवळून बघा. मी फोन ठेवला.

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दोन चकत्या कापल्या. मध्ये भोक पाडायला बाबांचा पंच घेतला. बसवण्याआधी कान आणि दांडीचं टोक कोरड्या फडक्यानं पुसलं. पाच महिने झाले, कॉइल ताठ उभी आहे. एवढी भारी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्यांना हे दोन रबराचे तुकडे सुट्टे विकता येत नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही. मला ठाऊक आहे की कुठल्याही शहाण्या परीक्षणात या मुद्द्याला एक ओळ मिळेल. इथे तीन परिच्छेद मिळतील.

कारण पुढचा उद्योगही त्यातलाच. रविवारी बोल्ट हरवल्यावर हुशारी करून मी त्याच मापाचा लोखंडी बोल्ट घातला. म्हटलं, कॉइलच्या अगदी जवळच आहे, जागचा हलणार नाही, यंत्र त्याच्याकडे दुर्लक्ष करील. ते खरंही आहे. अशी यंत्रं हालचालीवर चालतात, एका जागी बसलेल्या धातूकडे काणाडोळा करतात. पण फिरवताना दर फेरीच्या टोकाला बोल्ट तांदळाएवढा हलायचा आणि यंत्र बोंबलायचं. डावीकडे बोंब, उजवीकडे बोंब. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला असंच एक यंत्र बनवलं होतं. गोळी काही मिळाली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, आणि डॉक्टरांनी शोधायला सांगितली होती उजवी बाजू, गोळी निघाली डावीकडे. माझा घोळ एका बोल्टाचा, तोही मीच घातलेला.

आता मागे घेतलेला अर्धा भाग. खोटे इशारे. पहिले तीन आठवडे यंत्र कुठेही, काहीही नसताना टुकटुक करायचं आणि मी खणायचे. त्यात तीन गोष्टी होत्या आणि एकही यंत्राची नव्हती. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती हलकी खूण पकडेल ते, मी पूर्ण चढवून ठेवायचे, कारण पैसे पूर्ण दिलेत. मोबाइल खिशात, कॉइलपासून हातभर अंतरावर. आणि तिसरी गोष्ट कळायला सर्वात उशीर लागला: कॉइलची वायर. ती दांडीभोवती घट्ट गुंडाळायची असते आणि फक्त अगदी खाली, कॉइल वाकावी म्हणून, थोडी सैल सोडायची. माझी सगळीच सैल होती, कॉइलवर लोंबत होती. दर फेरीला ती हलायची आणि यंत्र तीच पकडायचं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन वेलक्रो पट्ट्यांनी बांधली, सेन्सिटिव्हिटी एक चतुर्थांश उतरवली, फोन पिशवीत टाकला, आणि यंत्र शांत झालं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की खोली कमी होते, हे खरं. पण कलकलाटात खोलवरची हलकी खूण ऐकूच येत नसेल तर ती खोली काय चाटायची?

खोलीवरून आठवलं. माझ्या मशागत केलेल्या मातीत नाण्याएवढी वस्तू पंधरा ते वीस सेंटीमीटरपर्यंत नीट कळते. जाहिरातीतलं अंतर बहुधा हवेत नाणं धरून मोजलेलं असतं. जमिनीत लोहयुक्त खनिजं असली की ते झपाट्यानं घटतं. म्हणून नव्या जागी गेल्यावर धातू नसलेला तुकडा शोधून तिथे कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा पडसाद यंत्राला वगळायला लावायचा. मी हे सुरुवातीचा महिनाभर केलं नाही, कारण पुस्तिकेत ते सतराव्या पानावर होतं आणि मी नवव्या पानावर कंटाळले होते.

पडद्यावरच्या आकड्यावर माझा सुरुवातीला फार विश्वास होता. शून्य ते नव्व्याण्णव. खाली लोखंड, वर तांबं-चांदी. पण यंत्र धातू ओळखत नाही. ते जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं, धातूत त्यामुळे विजेचे भोवरे फिरतात, त्यांचा जो पडसाद येतो तेवढाच यंत्राला कळतो. धातू, जाडी, आकार, वस्तू आडवी पडलीय की उभी, सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं. त्यामुळे पातळ सोन्याची अंगठी, चंदेरी कागदाचा बोळा आणि पेयाच्या डब्याची कडी आकड्यांच्या एकाच टापूत येतात. "कचरा नको" म्हणून तो टापू बंद केलात, म्हणजे यंत्राला त्याकडे दुर्लक्ष करायला लावलंत, तर अंगठीही बंद केलीत. मी दोन महिने बंद ठेवला होता. त्या दोन महिन्यांत काय काय हुकलं याचा हिशेब मी करत नाही. झोप येणार नाही.

आणि बाटल्यांचे बिल्ले, म्हणजे पत्र्याची झाकणं! लोखंडाचेच, पण चपटे आणि गोल, म्हणून आकडा नाण्यासारखा भारदस्त येतो. पहिल्यांदा ८१ आकडा स्थिर दिसला तेव्हा मी श्वास रोखून खणलं. चार बोटं खाली, ओल्या मातीत, गोल कडा. अंगठ्यानं माती सारली तर कडेला कातरलेल्या चुण्या. बिल्ला. मग दुसरा. मग पाचवा. आता खूण मिळाली की मी आडवं फिरवते, मग नव्वद अंशांत वळून उभं फिरवते, मग कॉइल हळूच मागे ओढून फक्त कडेनं ऐकते. नाणं सगळीकडून सारखंच गोल वाजतं. बिल्ला कडेवर फुटका आवाज काढतो आणि आकडा घसरतो. खिळा एका बाजूनं छान वाजतो, दुसरीकडून विरतो. हे दर वेळी जमत नाही. परवाही एक बिल्ला निघालाच. पण कान तयार होतो, आणि मी आता पडद्याकडे जवळजवळ बघत नाही. हेडफोन लावते, त्यानं बॅटरीही जास्त टिकते आणि येणारे-जाणारे "काही सापडलं का" विचारत नाहीत. थोडे कमी विचारतात.

कंजूषपणा कुठे नडला तेही सांगते. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालून वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी कांडी, मी घेतली नव्हती. एवढं मोठं यंत्र असताना छोटं कशाला? पाच महिने एकेका नाण्यासाठी टोपलीभर माती चाळली, एकदा खुरप्याची धार नाण्याच्या तोंडावरून फिरवली. तो ओरखडा बघवत नाही. सहाव्या महिन्यात कांडी घेतली आणि दहा मिनिटांचं काम मिनिटावर आलं. नवीन घेणाऱ्यांनो, यंत्र एक पायरी खालचं घ्या, पण कांडी पहिल्याच दिवशी घ्या. हे मी, जिनं ट्यूब कापून वायसर केले तिनं, सांगतेय.

"वॉटरप्रूफ" शब्द नीट वाचा. माझी कॉइल वॉटरप्रूफ आहे, वरचा पडद्याचा डबा नाही. पाऊस आला की मी त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालते. समुद्राच्या कोरड्या वाळूत यंत्र झकास चालतं. ओल्या, खाऱ्या वाळूवर नेलं की वेड्यासारखं किंचाळतं, कारण खारं पाणीच वीज वाहून नेतं. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राकडून तिथे अपेक्षा ठेवू नका. मी ठेवली होती, सर्व्हिसवाल्यांना त्याबद्दलही एक फोन केला होता, आणि त्या एका बाबतीत ते बरोबर होते.

परवानगीबद्दल थोडक्यात. जमीन ज्याची त्याला आधी विचारायचं, जुन्या वास्तूंच्या आसपास फिरकायचं नाही, आणि जुनं काही सापडल्यास कुणाला कळवायचं याचा तिथला कायदा घराबाहेर पडण्यापूर्वी वाचायचा. खड्डा करताना गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटायची, माती फडक्यावर काढायची, परत तशीच बुजवायची. एक अस्सल उदाहरण देते. १९९२ साली इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या हॉक्सन (Hoxne) गावात एरिक लॉझ हे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन गेले, आणि लागला रोमन काळातला साठा. नाणीच पंधरा हजारांच्या आसपास. त्यांनी सगळं उपसून घरी नेलं नाही. थोडं निघताच थांबले, कळवलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी उरलेलं जागेवरच नीट खणून नोंदवलं. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बघ, हातोडा लोखंडाचा होता."

माझा आठ महिन्यांचा साठा एका बरणीत मावतो. बरीचशी चालू नाणी, दोन गंजलेल्या किल्ल्या, खेळण्यातल्या गाडीचं चाक नसलेलं धूड, एक तांब्याचं बटण. बटण मला सर्वात आवडतं. आकडा अडखळत होता, जवळजवळ सोडून दिलं होतं. मागच्या कडीत अजून दोऱ्याचा हिरवट तंतू अडकलेला आहे. मी ते पाण्याखाली धरलं, घासलं नाही.

काल सर्व्हिसवाल्यांकडून पाकीट आलं. हरवलेल्या बोल्टाची तक्रार मी सोमवारी केली होती, आणि एवढ्या लवकर काही येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाकिटात दोन प्लॅस्टिकचे बोल्ट, एक नट, सोबत माफीची चिठ्ठी. पैसे घेतले नाहीत. मला खरंच बरं वाटलं. पाकीट उलटं करून झटकलं, कोपऱ्यात बोट घालून पाहिलं.

वायसर नव्हता.