53 व्या वर्षी एमएस-सीआयटी, माझा अनुभव

माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींनी एमएस-सीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरचा बेसिक कोर्स, 2003-04 मधेच उरकला, कोणी शाळेत कोणी झेडपीत, नोकरीसाठी सर्टिफिकेट लागायचंच. मी तेव्हा सासूबाईंच्या आजारपणात घरी होते, ते राहूनच गेलं.

आधी एका सेंटरला फी भरली, नाव घेत नाही, आठ दिवसात सोडलं. सर हुशार होते पण मी अडले की माऊस हातातनं घ्यायचे, तीन क्लिक करायचे आणि 'बघा काकू झालं' म्हणून पुढच्या मुलाकडे. घरी आले की काहीच आठवायचं नाही, रडू यायचं.

आता स्टँडमागच्या सेंटरला दोन महिने केलं. इथल्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, पण माऊसला हात लावत नाहीत. 'ताई तुम्हीच करा, मी उभी आहे इथे.' माझं डबल क्लिक जमेना तर सेटिंगमधे जाऊन स्पीड कमी करायला शिकवलं, आणि तेही माझ्याच हातनं करून घेतलं. एवढ्यासाठीच मी पाच स्टार देईन.

मराठी टायपिंगचं जरा सविस्तर सांगते कारण टाईपरायटर मशीनवर मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा दिलेल्या बऱ्याच जणी असतील. मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारून मग अक्षर मारायचो. इथे शिकवतात त्या इनस्क्रिप्टला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मराठी कीबोर्डला, उलटं, आधी क मग वेलांटी, म्हणजे बोलतो तसंच. पण बोटं जुन्या सवयीची, पंधरा दिवस माझी वेलांटी मागच्याच अक्षराला चिकटत होती नाहीतर अक्षर नसलं की जो ठिपक्यांचा गोल दिसतो त्यावर जाऊन बसत होती. मॅडमनी बाराखडी मोठ्याने म्हणत टाईप करायला लावलं आणि मग सुटलं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, के वर क आणि शिफ्ट धरला की ख, एच वर प आणि शिफ्टने फ, जोडाक्षराला मधे डी दाबून पाय मोडायचा. हा कीबोर्ड विंडोजमधे असतोच, वेगळी सीडी विकत घ्यायची गरज नाही. आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरं, असल्याने फाईल दुसरीकडे उघडली तरी अक्षरांचा कचरा होत नाही, जुन्या फॉन्टवाल्या फाईलींचा तो त्रास मी भावाच्या दुकानात बघितलाय.

कमी काय, तर एक्सेल फार घाईत घेतलं, शेवटचे दहा दिवस परीक्षेचे प्रश्नच चालू होते. लाईट गेली की बॅच बुडते, इन्व्हर्टर दोनच मशीनला आहे. कीबोर्डवर मराठी स्टिकर नाहीत, मी माझे नेऊन लावले. एक्सेलसाठी मी आठवडाभर जास्त बसले, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यातच आमच्या बचत गटाचं वर्षाचं रजिस्टर चढवलं, बेरीज वहीशी जुळली तेव्हा मॅडमना लगेच हाक मारून दाखवली.

जाणार असाल तर दुपारची 12 ची बॅच मागा, कॉलेजची मुलं कमी असतात. आणि चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या, वाचायच्या चष्म्याने मला स्क्रीन धूसर दिसायचा आणि मी पहिले चार दिवस समजत होते की मलाच जमत नाहीये.