दीडशे रुपयांचा शाईपेन: शाळेचं अख्खं वर्ष वापरल्यावर

पहिला शाईपेन घ्यायचा असेल, तर ड्रॉपरने शाई भरायचा, बारीक निबचा, साधा देशी पेन घ्या. दीडशे-दोनशे रुपयांत काम होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून मी असाच पेन रोज वापरते आहे. आता वार्षिक परीक्षेचे पेपर समोर आहेत आणि माझं मत आणखी पक्कं झालं आहे.

माझं लिहिणं कसलं ते आधी सांगते, कारण पेन त्यावरच ठरतो. मी चिपळूणजवळच्या शाळेत शिकवते. रोजचं टाचण, हजेरी, पालकसभेचं इतिवृत्त आणि तपासायला वह्यांचे गठ्ठे, सगळं देवनागरीत. पेनबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं, ते बहुतेक रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचं असतं. ‘नवख्याने मीडियम, म्हणजे मध्यम जाडीची निब घ्यावी, गुळगुळीत चालते’ हा सल्ला तिथे हमखास मिळतो. मराठी लिहिणाऱ्याने तो अजिबात मानू नये. शाळेच्या एकरेघी वहीत मीडियम निबने ‘ध’, ‘भ’ यांच्या गाठी बुजतात, ‘द्ध’ आणि ‘ष्ट्य’ नुसते काळे दिसतात, अनुस्वाराचा ठिपका फुगून मात्रेला चिकटतो. शिवाय आपण शब्द लिहून झाल्यावर शिरोरेघ ओढायला हात पुन्हा मागे आणतो. शाई ओली असेल तर हाताची कड नेमकी त्या शब्दावरून फिरते. बारीक निब शाई कमी सोडते, ती लवकर वाळते आणि अक्षर फिसकटत नाही. डावखुऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

बारीक म्हणजे किती बारीक, हे निबवरच्या ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) अक्षरावरून पुरतं कळत नाही. जपानी कंपन्यांची एफ ही युरोपीय एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. स्वस्त देशी पेनांच्या निबवर बरेचदा जाडी लिहिलेलीच नसते. म्हणून दुकानात लिहून बघायचं. सही करून बघू नका, सही कुठल्याही पेनने झोकात येते. ‘क्षितिज’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘धृष्टद्युम्न’ लिहा. वेलांटीला निब वरच्या दिशेने ढकलली जाते आणि खरखरीत निब तिथेच कागदात अडकते. निब उजेडासमोर धरून मधली चीर बघा. दोन्ही पाकळ्या टोकाशी एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली असेल तर तो पेन ठेवून दुसरा मागा. चांगला दुकानदार तीन-चार पेन शाईत बुडवून दाखवायला कुरकुरत नाही.

आता ड्रॉपरच का. कार्ट्रिजचे, म्हणजे शाई भरलेली तयार कुपी आत बसवायचे पेन वापरायला सोपे, हे खरं. पण आमच्याकडे तालुक्याच्या बाजारात कार्ट्रिज मिळेलच असं नाही, आणि पार्कर, लॅमी, पायलट या कंपन्यांच्या कार्ट्रिज एकमेकांच्या पेनला बसत नाहीत. शाईची बाटली मात्र कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. छोट्या कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरही शाई मावत नाही. ड्रॉपरच्या पेनची अख्खी नळी भरायची, त्यामुळे दोन-अडीच मिलिलिटर सहज बसते. भरपूर लिहूनसुद्धा मला आठवड्यातून एकदाच शाई भरावी लागते. रविवारी संध्याकाळी भरते. आत पंप नाही, रबर नाही, स्प्रिंग नाही, म्हणजे बिघडण्यासारखं फारसं काही नाही. मुंबईच्या एअरमेलपासून कानपूरच्या कॅनराइटपर्यंत आपल्याकडे पेन बनवणारे अजून टिकून आहेत. यांतले पुष्कळ पेन उघडून धुता येतात, निबही बदलता येते.

माझा पेन सुरुवातीला दोन ओळींनंतर शाई तोडायचा. कुठल्याही स्वस्त पेनच्या बाबतीत हे होऊ शकतं. कारखान्यातल्या यंत्राचं तेल निबखालच्या खाचांमध्ये राहतं आणि शाई पुढे सरकत नाही. निब आणि तिच्याखालची काळी जीभ अलगद ओढून काढली, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली, जुन्या मऊ ब्रशने खाच साफ केली आणि साध्या पाण्याने खळखळून धुतली. त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. गरम पाणी वापरू नका, प्लॅस्टिक वाकतं.

गळतीबद्दल सविस्तर सांगते, कारण ड्रॉपरच्या पेनला लोक बिचकतात ते यामुळेच. नळीत शाई कमी झाली की वर हवेची जागा वाढते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. एक टपोरा थेंब कागदावर पडतो. यावर उपाय सोपा आहे: नळीत एक तृतीयांश शाई उरली की भरून घ्यायची, रिकामी व्हायची वाट बघायची नाही. घाटातही हेच घडतं. मला अधूनमधून एसटीने कुंभार्ली घाट चढून कराडला जावं लागतं. वर चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा प्रसरण पावते. पेन काठोकाठ भरलेला किंवा पूर्ण रिकामा असेल, आणि निब वर करून उभा ठेवलेला असेल, तर टोपणात थेंबही येत नाही. पर्समध्ये आडवा टाकायचा नाही. शाई भरताना आट्यांना नखाएवढं शुद्ध सिलिकॉन ग्रीस बोटाने फिरवा, म्हणजे जोडातून पाझरत नाही. व्हॅसलिन लावू नका, आमच्या मे महिन्यात ते पातळ होऊन शाईत उतरतं.

शाई मी कॅमलची वापरते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवून ज्या उद्योगाची सुरुवात केली, त्याच घरातली ही शाई. आज कंपनीत जपानच्या कोकुयोचं भांडवल आहे, पण शाई पूर्वीसारखीच स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी आहे. पेनची सुरुवात हिच्यापासूनच करावी असं मला मनापासून वाटतं. हजार रुपयांच्या चकाकत्या शाईतले बारीक कण नवख्याच्या पेनमध्ये अडकून बसतात. एकच काळजी घ्या. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई दुकानात याच फळीवर असते. तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो आणि ती पेनच्या आत वाळली की सहजासहजी निघत नाही. बाटलीवर ‘फाउंटन पेन’ लिहिलंय ना, ते वाचूनच पैसे द्या.

कोकणातल्या पावसाने मात्र परीक्षा बघितली. जुलैमध्ये कागद इतका सर्द होतो की उन्हाळ्यात सुरेख उठणारं अक्षर त्याच वहीत फुटायला लागतं, रेघेच्या कडेने केस फुटल्यासारखे तंतू पसरतात. टाचणवहीचा कागद मुळात पातळ, त्यामुळे मागच्या पानावरही उमटतं. जीएसएमचा, म्हणजे कागदाच्या वजनाचा आकडा बघून वही घेणं पुरेसं नाही. कागदावरची खळ चांगली असेल तर पातळ कागदही शाई झेलतो आणि खळ नसेल तर जाडजूड कागदसुद्धा टिपकागदासारखा शाई ओढतो. दुकानातच शेवटच्या पानावर एक ओळ लिहून पान उलटून बघा. रॉयल ब्लू पाण्याने जाते. छत्रीवरून ओघळलेल्या दोन थेंबांनी टाचणाचा अर्धा परिच्छेद निळसर डाग होऊन जातो. म्हणून हजेरी आणि इतिवृत्त परमनंट काळ्या शाईतच लिहावं, बारा महिने.

वह्या तपासायला मी चिनी हीरो ६१६ ठेवला आहे, लाल शाईचा. १९४१ मध्ये आलेल्या पार्कर ५१ च्या धर्तीवर बनलेला हा पेन. याची निब जवळजवळ सगळी झाकलेली असते, फक्त टोक बाहेर. वही तपासताना एक शेरा लिहिला की पुढचं पान वाचेपर्यंत पेन उघडाच हातात राहतो. उघड्या निबचा पेन तेवढ्यात कोरडा पडतो आणि ‘छान’ मधला ‘छ’ उमटतच नाही. झाकलेल्या निबला हा त्रास खूप कमी. मात्र बाजारात याच्या नकला उदंड आहेत, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

आमच्या एका सहकारी बाईंकडे लॅमी सफारी आहे, तोही मी मधल्या सुट्टीत भरपूर लिहून पाहिला. १९८० पासून बनणारा, मजबूत, निब चटकन बदलता येणारा पेन. पण किंमत दोन हजारांच्या पुढे, आणि बोटं ठेवायची जागा तिकोनी घडवलेली आहे. ज्यांची पकड वेगळी आहे, त्यांना ती टोचते. शाईपेन आपल्याला मानवतो की नाही हे कळायच्या आधी एवढे पैसे घालू नयेत. त्या पैशांत एक ड्रॉपरचा पेन, दोन रंगांच्या शाया आणि वर्षभराच्या चांगल्या वह्या येतात.

बॉलपेनवरून येणाऱ्यांना एक सवय मोडावी लागेल, दाबून लिहायची. शाई चिरेतून आपोआप उतरते, कागदाला टोक नुसतं लागलं तरी पुरे. दाब दिला की पाकळ्या फाकतात, अक्षर जाड होतं आणि निब कायमची बिघडते. ही सवय सुटल्यापासून गठ्ठा तपासून झाल्यावर अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ माझी जवळपास थांबली आहे. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी शाईपेन सोडणार नाही.

सहावी-सातवीतल्या मुलांना घेणार असाल तर ड्रॉपर नको. भरताना बाकावर, गणवेशावर शाई सांडते. त्यांना दाबून शाई ओढणारा नळीचा पेन द्या, शाई घरीच भरून पाठवा आणि निळी रॉयल ब्लूच द्या, ती कपड्यावरून धुऊन निघायची शक्यता जास्त. आणि मेच्या सुट्टीत पेन वापरणार नसाल, तर शाई ओतून टाका, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि टोपण न लावता दोन दिवस वाळू द्या. परमनंट काळी असेल तर हे टाळूच नका.