बॅप्टिस्ट चर्चचं जुनं पोस्टकार्ड: घ्यावं, पण मागची बाजू बघून

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावाचं हे फोटो-पोस्टकार्ड. लाकडी फळ्यांचं पांढरं चर्च, कडेला बुटका घंटामनोरा, समोर कच्चा रस्ता आणि तळाशी पांढऱ्या अक्षरांत ‘बॅप्टिस्ट चर्च’ आणि गावाचं नाव. विक्रेत्याने काळ ‘1920 च्या सुमाराचा’ दिलाय. तो चुकीचा आहे, कार्ड त्याहून जुनं आहे.

मागे तिकीट लावायच्या छापील चौकटीत ‘ॲझो’ हे फोटोच्या कागदाचं नाव आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण आहेत. चारहींची टोकं वर असली की कागद साधारण 1904 ते 1918 मधला. दोन वर, दोन खाली असली तर 1918 नंतरचा. इथे चारही वर आहेत. मागे मधोमध मजकूर आणि पत्ता वेगळा करणारी उभी रेघ आहे, म्हणजे कार्ड 1907 च्या आधीचं नाही. 1 मार्च 1907 पर्यंत अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगीच नव्हती. तिकीट एक सेंटचं, हिरवं, बेंजामिन फ्रँकलिनच्या चित्राचं, शिक्का 1911 चा. सगळं नीट जुळतं. शिक्क्यावरून कार्ड टपालात कधी पडलं एवढंच कळतं. फोटो त्याआधी काही वर्षांचाही असू शकतो.

दहापट भिंगाखाली ठिपके दिसले तर कार्ड छापील. इथे ठिपके नाहीत, छटा सलग आहेत, म्हणजे खरा फोटो. शीर्षक निगेटिव्हवर काळ्या शाईने उलटं लिहायचे, म्हणून ते पांढरं उमटतं. इथे एक इंग्रजी ‘एन’ उलटाच राहिलाय, आणि तो फार गोड दिसतो. कार्ड तिरकं धरलं की झाडांच्या गडद भागात निळसर चंदेरी चमक येते. ती फोटोतली चांदी पृष्ठभागावर आल्याने येते. पुसायला जाऊ नका.

दोष दोन. वरच्या उजव्या कोपऱ्याची घडी फोटोच्या थरापर्यंत तडकली आहे. मागे अल्बमचा काळा कागद चिकटलाय. तो पाण्याने सोडवू नका, फोटोच्या थरातलं जिलेटिन फुगतं आणि शाई पसरते.

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक बाप्तिस्मा देताना पूर्ण अंग पाण्यात बुडवतात. नदीकाठी होणाऱ्या बाप्तिस्म्याचं कार्ड म्हणूनच जास्त भाव खातं. चर्चची नुसती बाहेरून काढलेली कार्डं ढिगाने मिळतात. त्यामुळे गावाचं नाव असलेला खरा फोटो असेल तरच जास्त मोजा, रंगीत छापील कार्डाला तेवढे देऊ नका. मागच्या बाजूचा फोटो द्यायला विक्रेता तयार नसेल तर सौदा सोडा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी लवकर धरते. पॉलिएस्टरच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत, आडवं ठेवा. पीव्हीसीचं पाकीट नको, ते फोटोला चिकटतं. लॅमिनेशन तर अजिबात नको.