तांब्याची काताप्लाना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्वमध्ये, काताप्लाना हे भांड्याचंही नाव आणि त्यात शिजलेल्या पदार्थाचंही. दोन खोलगट वाट्या, एका अंगाला बिजागरी, दोन बाजूंना खटके. मिटली की थेट मोठ्या तिसरी शिंपलीसारखी दिसते. इथे लिहिलं आहे ते २८ सेंटिमीटर व्यासाच्या, हाताने ठोकून घडवलेल्या, आतून कल्हई केलेल्या तांब्याच्या काताप्लानाबद्दल. वापर आठ महिने, आठवड्यातून साधारण दोनदा, गॅसच्या शेगडीवर, चार माणसांसाठी.

निकाल आधीच सांगतो. शिंपल्या आणि मासे नेमाने शिजत असतील, तर या भांड्याला तोड नाही. घरात फक्त इंडक्शन असेल तर मात्र तांब्याची घेऊ नका, ती तापणारच नाही. सपाट काचेच्या शेगडीवर गोल बूड डुगडुगतं आणि उष्णता नीट पोचत नाही. अशा घरांसाठी चुंबक चिकटेल अशा सपाट बुडाची स्टीलची काताप्लाना मिळते. तिच्यात रस्सा चांगलाच होतो, पण स्टील उष्णता पसरवत नाही, त्यामुळे मधला कांदा करपतो आणि कडेचा बटाटा कच्चा राहतो. आच कमी ठेवून पाचसात मिनिटं जास्त द्यावी लागतात.

खरेदीतली मोठी फसगत म्हणजे शोभेची काताप्लाना. पर्यटकांच्या दुकानातल्या चकचकीत भांड्यांवर बहुधा पारदर्शक लाखेचा थर असतो. भिंतीवर ते छान दिसतं, पण गॅसवर चढवलं की थर पिवळा-तपकिरी होऊन सोलवटतो. ओळखायची सोपी खूण: दुकानदाराला विचारून, तळाशी कोपऱ्यात लिंबाची फोड मिठासकट घासा. उघडं तांबं काही सेकंदांत उजळतं, लाख असेल तर काहीच फरक पडत नाही. मग आत बघा. कल्हईचा रंग मंद चांदीसारखा असतो आणि त्यावर बोळा फिरवल्याच्या रेघा दिसतात. आतून लालसर दिसलं तर ते स्वयंपाकाचं भांडं नव्हे. कड दोन्ही अंगठ्यांनी दाबा, पत्रा लवला तर परत ठेवा. शेवटी मिटून उजेडाकडे धरा. बिजागरीपाशी केसभर फट चालते, समोरच्या बाजूला चालत नाही.

लोले या गावी तांबटांची जुनी परंपरा आहे आणि आजही तिथे हाताने काताप्लाना घडतात. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम पाहिलेल्याला त्या ठोक्यांची ओळख लगेच पटेल. हे ठोके नुसते नक्षीसाठी नसतात. ठोकून पत्रा कडक होतो, आणि पत्रा कडक असेल तरच वाटीची कड वर्षानुवर्षं वाकडी न होता दुसरीवर बसते. सगळा खेळ त्या कडेचा आहे. काताप्लाना प्रेशर कुकर नाही. वाफ थोडी निसटतेच, दाब चढत नाही, शिट्टी नाही. पण बरीचशी वाफ वरच्या घुमटाला लागून पुन्हा खाली ठिबकते, म्हणून वाटीभर रसातही किलोभर माल शिजतो आणि वास आतच राहतो.

आता तिसऱ्या, कारण त्यांच्यासाठीच हे भांडं आहे. अल्गार्वच्या किनाऱ्यालगत रिया फोर्मोझा ही खाजणं आणि वाळूच्या बेटांची लांबलचक पट्टी आहे. १९८७पासून ते संरक्षित उद्यान आहे. तिथल्या चिखलात शिंपल्यांचे वाफे राखले जातात आणि ओल्यांव शहराच्या किनाऱ्यावरच्या लाल विटांच्या मंडईत त्या विकायला येतात. आमेइज्वा म्हणतात त्यांना. आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या, पण अंगाने भरीव. घेण्याआधी त्या भागात शिंपल्या काढायला बंदी नाही ना, हे पाहावं. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचं विष शिंपल्यांत साठतं आणि शिजवून ते जात नाही. पोर्तुगालची इप्मा ही सरकारी संस्था बंदी असलेले भाग जाहीर करत असते.

चौघांसाठी दीड किलो. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम जाडं मीठ, अशा पाण्यात दोन ते तीन तास, अंधारात. नळाच्या गोड्या पाण्यात ठेवल्या तर वाळू टाकण्याआधीच मरतात. तळाशी जाळी ठेवली की टाकलेली वाळू पुन्हा आत ओढली जात नाही. फुटक्या काढा. उघड्या असतील त्यांना टिचकी मारा, मिटल्या नाहीत तर फेका.

खालच्या वाटीत तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मध्यम आच. दोन कांदे पातळ उभे चिरून सात-आठ मिनिटं, रंग न येऊ देता. मग चार पाकळ्या लसूण, एक तमालपत्र, १०० ग्रॅम शोरिसूच्या (डुकराच्या मांसाच्या पोर्तुगीज सॉसेजच्या) चकत्या, एक चमचा गोड लाल पाप्रिका. पाप्रिका पडली की पाच सेकंदांत दोन चिरलेले टोमॅटो घाला, नाहीतर ती जळून कडू होते. टोमॅटो गळला की १२० मिलिलिटर पांढरी वाइन. ती उकळू लागली की शिंपल्या, वर मूठभर कोथिंबीर, आणि झाकण लावून खटके. मीठ अजिबात नाही. शिंपल्यांतून सुटणारं पाणी खारटच असतं, आणि पहिल्या दोनतीन वेळा बहुतेकांचं इथेच चुकतं. मध्यम आचेवर सात मिनिटं. आत दिसत नाही, म्हणून कानाने काम करायचं. आधी चुरचुर, मग शिंपल्या उघडू लागल्या की कवचांचा खळखळाट. तो थांबला की एक मिनिट आणि बंद. नऊ मिनिटांपुढे गेलात तर मांस रबरासारखं होतं. तेव्हाही मिटून राहिलेल्या शिंपल्या टाकून द्या. झाकण ताटलीच्या दिशेने नाही, भिंतीच्या दिशेने उघडा. पहिली वाफ मनगट भाजते.

गोव्याचा चोरीस वापरायचा असेल तर ६० ग्रॅम पुरे. त्यात व्हिनेगर आणि मिरची दोन्ही असतात, त्यामुळे वाइन निम्मी करा. नारळाचं दाट वाटण मात्र या भांड्यात घालू नये. मिटलेल्या भांड्यात ढवळता येत नाही, वाटण बुडाला धरतं. नारळाचं दूध शेवटी, उघडल्यावर.

माशांसाठी क्रम महत्त्वाचा: तळाशी कांदा-टोमॅटो, त्यावर चार मिलिमीटरच्या बटाट्याच्या चकत्या, मग ढोबळी मिरची, वर मासा, अगदी वर कोळंबी. मासा तांबोरील (मंकफिश) असेल तर उत्तम, कारण त्याचं मांस घट्ट राहतं. पातळ तुकडा असला तर भांडं हलवताच मोडतो, म्हणून जाडी तीन सेंटिमीटरच्या खाली नको. बटाट्याला पंचवीस मिनिटं लागतात, माशाला बारा. तेव्हा मासा मध्येच, एकदाच उघडून घाला. सगळं एकदम रचण्याच्या कृती पुष्कळ आहेत, पण मासा कोरडा होण्याचं कारण तेच. आणि भरताना खालच्या वाटीचे दोनतृतीयांशच भरा, नाहीतर रस कडेतून शेगडीवर उतरतो.

ऋतूंप्रमाणे भांड्याचं काम बदलतं. नोव्हेंबरपासून अल्गार्वमधल्याच अल्जेझूरची रताळी येतात, भौगोलिक मानांकन मिळालेली, भाजल्यावर जवळजवळ खव्यासारखी. ती शिंपल्या-डुकराच्या मांसाबरोबर घालतात. रताळं बटाट्यापेक्षा लवकर विरघळतं, म्हणून दोन सेंटिमीटरचे तुकडे आणि शेवटची पंधरा मिनिटं. वसंतात मटार: अर्धा किलो सोललेले दाणे, कांदा, तेल, १०० मिलिलिटर पाणी, कोथिंबीर, बारा मिनिटं. मग खड्डे करून चार अंडी फोडायची आणि मिटून चार मिनिटं. मांसाहार न करणाऱ्या, अंडं चालणाऱ्या घरात हा पदार्थ सर्वांत जास्त वेळा होईल. जूनमध्ये सार्डिन येतात तेव्हा भांडं खुंटीला राहू द्या. तो तेलकट मासा निखाऱ्यावरचाच. वाफेत त्याची चरबी रश्श्यात उतरते आणि सगळं घर वासाने भरतं.

आता कल्हई. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतं. तेलातून धूर दिसला तर तुम्ही त्या मर्यादेच्या अगदी जवळ आहात. एकदा जास्त तापलं की आत कथलाचे बारीक थेंब गोळा होतात आणि त्यांच्या बाजूला थर पातळ पडतो. म्हणून तेल आधी, आच नंतर. आत लाकडी डाव, मऊ स्पंज. तारेची घासणी, राख, भांडी घासायचं यंत्र, तिन्ही नको. करपलं तर कोमट पाण्यात तासभर भिजवा. टोमॅटो-वाइनचा रस्सा शिजवायला हरकत नाही, पण उरलेला रात्रभर आत ठेवू नका.

आठ महिन्यांनंतर आतला भाग करडा झाला आहे. हे बिघडणं नाही, कथील काळवंडतंच. तळाच्या मध्यावर नखाएवढा गुलाबी ठिपका आहे, तिथे तांबं दिसू लागलं आहे. ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा झाला की आंबट पदार्थ बंद करायचे आणि कल्हई करून घ्यायची. महाराष्ट्रात कल्हईवाला सापडला तर समोर बसून करवून घ्या: भांडं तापवून नवसागर, कापसाच्या बोळ्याने कथील, लगेच पाण्यात. कथील शुद्धच हवं, शिसं मिसळलेलं झाळ नको, हे आधीच स्पष्ट सांगा. बिजागरी आधी पुसून कोरडी करा, नाहीतर नवसागर तिथे साचून तांबं हिरवं पडतं.

बाकी तक्रारी किरकोळ. सहाव्या महिन्यात बिजागरीची खीळ सैल झाली. दोन्ही टोकांना लहान हातोडीने हलके ठोकल्यावर बसली. एका खटक्याचा ताण कमी झाला आहे, तो पक्कडीने किंचित आत वळवावा लागतो. पितळी कड्या चांगल्याच तापतात, फडकं हवंच.

बाहेरचं तांबं समुद्राच्या हवेत आठवड्यात काळपट होतं. लिंबू आणि जाडं मीठ, किंवा चिंच, दोन मिनिटं, धुऊन लगेच पुसायचं. ते फक्त बाहेरून. भिंतीवर टांगताना खटके लावू नका, दोन बोटांची फट ठेवा.