बिडाचा, पत्र्याचा की ॲल्युमिनियमचा? भाकरीच्या तव्याचा हिशेब

भाचीने सोलापुरात नवा संसार मांडलाय. दुकानातूनच फोन: "मावशी, ॲल्युमिनियमचा तवा हलका आहे, घेऊ का?" मी म्हटलं, बिडाचा घे. कारण मात्र दहावीच्या पुस्तकातलं आहे, म्हणून लिहून देते.

विशिष्ट उष्माधारकता म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापायला लागणारी उष्णता. पाण्याला 1 कॅलरी, ॲल्युमिनियमला 0.215, लोखंडाला 0.11. बीडही साधारण लोखंडाइतकंच. वजनाला वजन धरलं तर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट उष्णता धरतं. पण तवा काही आपण वजनावर बघून घेत नाही, आणि इथेच आकडा फसवतो.

दीड किलोच्या बिडाच्या तव्यात अंशामागे 165 कॅलरी मावतात. अर्ध्या किलोच्या ॲल्युमिनियममध्ये 107, सातशे ग्रॅमच्या लोखंडी पत्र्यात 77.

आता ज्वारीची भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी धरू दोन चमचे, 10 ग्रॅम. ते 30 वरून 100 अंशांवर न्यायला 700 कॅलरी, आणि वाफ व्हायला ग्रॅममागे 540, म्हणजे आणखी 5400. गॅस क्षणभर विसरलो, तर एवढ्याने बिडाचा तवा 37 अंश उतरेल, ॲल्युमिनियमचा 57, पत्र्याचा तर 80 च्या आसपास. तवा उतरला की भाकरी फुगायच्या ऐवजी वातड होते. दहा भाकऱ्या थापायच्या घरात बिडाला तोड नाही.

दोघांपुरत्या तीन-चार भाकऱ्या करायच्या तर पत्र्याचा चालेल. बीड तापायला वेळ घेतं, पहिली भाकरी पडायच्या आधीच पत्र्याच्या दुप्पट उष्णता खातं. पत्र्याच्या तव्यावर दोन भाकऱ्यांमध्ये थोडं थांबायचं, एवढंच. मातीचा तवा हौसेला ठीक.

शेंगापोळीला मात्र बीड नको. गूळ बाहेर आला की गॅस बारीक करून उपयोग नाही, तवा ऐकतच नाही. संक्रांतीला माझ्या दोन पोळ्या कोळसा झाल्या. तिथे जाड ॲल्युमिनियम: आच सगळीकडे सारखी, आणि गॅस कमी केला की लवकर निवतो.

बिडाचा घेतलास तर गरम असताना नळाखाली धरू नकोस. माझा पहिला तसाच तडकला.